साखळीची वाट, सवकास

रात्री तीनला मला जाग येते आणि मी मोजायला लागते. ही सवय २०१८ सालची. त्या वर्षी मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या. पहिल्यांदा २०१२ मध्ये पडल्या होत्या, तेव्हा आम्ही कसेबसे तरलो. दुसऱ्या वेळी आमचा खनिज वाहणारा टिपर ट्रक दारात उभा राहिला तो राहिलाच. टिपर उभा आणि हप्ता चालू. नवरा दिवसभर काम शोधत फिरायचा, मी पणजीला एका ऑफिसात हिशेब लिहायचे, आणि रात्री तीनला अंथरुणात घरचा हिशेब मांडायचे. पगार, हप्ता, मुलीची फी, दुकानदाराची उधारी. एकदा बेरीज झाली की पुन्हा वरून.

पुढे टिपर विकला. कर्ज फिटलं. फिटून तीन वर्षं झाली, पण मोजणं थांबलं नाही. हप्ता उरला नाही, तेव्हा मन मिळेल ते मोजू लागलं: ऑफिसात कोण काय बोललं, आईचं वय किती झालं, गॅस अजून किती दिवस पुरेल. बाहेरची माणसं गोव्याला 'सुशेगाद' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, अर्थ निवांत. सकाळी साडेआठला म्हापसा-पणजी शटलच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे कुणी नीट पाहिले तर हा शब्द इतक्या सहज तोंडात येणार नाही.

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं, सगळं ठीक निघालं. मग त्यांनी श्वासाचा एक व्यायाम शिकवला. चार मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सोडायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांबवलं की शरीर सैल पडतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. खरंच आहे ते. पण मला मोजण्याचाच आजार, त्यात हे आणखी मोजायला मिळालं. चार, सहा, चार, सहा, आणि मध्येच कुठेतरी दुधाचं बिल.

शेजारच्या माईंना हे मी कधी सांगितलं नव्हतं. पण आमच्या स्वयंपाकघराचा दिवा अवेळी लागतो हे त्यांच्या खिडकीतून दिसतं. आषाढीच्या आधी आठवडाभर त्या तुळशीला पाणी घालता घालता म्हणाल्या, "यंदा आमच्याबरोबर साखळीला चल."

"चालत? माई, पंचवीस किलोमीटर आहे ते."

"एका दमात थोडंच जायचंय गो. सवकास."

सवकास हा माईंचा आवडता शब्द. सावकाश, पण त्याहून थोडा ऐसपैस.

साखळीला वाळवंटी नदीच्या काठी विठ्ठलापूर आहे. तिथलं विठ्ठलाचं देऊळ सत्तरी तालुक्याच्या राणे घराण्याचं. पोर्तुगीजांविरुद्ध पुन्हा पुन्हा उठले, १८५२ साली दीपाजी राणे आणि १८९५ साली दादा राणे, ते हेच राणे. गोव्यातून पायी दिंड्या पंढरपूरलाही जातात, पण ज्यांना इतके दिवस घर सोडता येत नाही त्यांची आषाढी विठ्ठलापूरला होते. आमच्या वाड्यावरची तीस-पस्तीस माणसं दरवर्षी जातात. त्यात बायका जास्त.

पहाटे चारला निघालो. म्हापशाचा बाजार झोपलेला, पाऊस बारीक. पखवाजाला प्लास्टिक गुंडाळलेलं होतं, त्यामुळे त्याचा आवाज दबका, जरा घुसमटलेला येत होता. पुढे विणेकरी काका, मागे दोन रांगांत टाळकरी, मध्ये डोक्यावर तुळस घेतलेली एक मुलगी. माईंनी त्यांच्या पिशवीतून टाळांचा जोड काढून माझ्या हातात दिला.

"मला येत नाही वाजवायला."

"कुणाला येतं? दोन्ही हात गुंतले म्हणजे झालं."

पहिले दोन तास काही शांत-बिंत वाटलं नाही. करासवाडा, थिवी, शिरसई. मी रस्ता मोजत होते. किती आलो, किती राहिलं, तासाला तीन किलोमीटर धरले तर पोचायला किती वाजतील. त्या हिशेबात ताल चुकायचा. माझा टाळ सगळ्यांच्या मागून एकटाच वाजायचा आणि मला कानकोंडं व्हायचं. शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने फक्त आपला टाळ माझ्या कानाच्या जवळ आणला आणि वाजवत राहिली. मी त्या आवाजाला धरून पुन्हा तालात आले. थोड्या वेळाने पुन्हा चुकले, तिने पुन्हा हात जवळ आणला. असं किती वेळा झालं ते सांगता येणार नाही, कारण हे मी मोजलं नाही.

अस्नोड्याचा पूल ओलांडला तेव्हा उजाडलं होतं. इथे बारदेश संपतो आणि डिचोली महाल लागतो. आज ही नुसती तालुक्याची शीव आहे, पण बारदेशातली देवळं सोळाव्या शतकात पाडली गेली आणि डिचोली पोर्तुगीजांकडे गेली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. मधली दोनशे वर्षं हे पाणी ओलांडणं म्हणजे देवाच्या गावाला जाणं होतं. माई मला याच्याहून जुनी गोष्ट सांगत होत्या, सात बहिणींची. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई. त्यांचीच एक बहीण मीराबाई म्हापशाला राहिली आणि चर्चमधली मिलाग्र सायबीण, म्हणजे मारिया माता, झाली. तिच्या फेस्ताला हिंदू माणसं आजही तेल घेऊन जातात. "म्हणजे आपण बहिणीच्या घरून निघालो आणि आता बहिणीच्या दारावरून चाललोय," माई म्हणाल्या. "वाटेत परकं कोण आहे?"

मुळगावला थांबलो. फराळाला शेंगदाण्याचे लाडू आणि केळी, आणि कुणाच्या तरी घरून आलेला चहा. तिथे मी एक गोष्ट पाहिली. विणेकरी काका साठी उलटलेले, पहाटेपासून वीणा त्यांच्या गळ्यात. वीणा जमिनीवर ठेवायची नसते, हे मी ऐकून होते. मला वाटलं होतं, म्हणजे बिचाऱ्याला बसायलाही मिळत नसेल. पण एक तरुण मुलगा पुढे आला. काकांनी वीणा आपल्या गळ्यातून काढली, त्याच्या गळ्यात घातली, दोघे एकमेकांच्या पाया पडले. मुलगा उभा राहून तार छेडत राहिला आणि काका ओट्यावर बसले, पाय पसरले, डोळे मिटले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. वीणा चालू होती आणि माणूस झोपला होता.

मी लाडू हातात धरून तशीच बघत राहिले. आमच्या घरात २०१८ पासून एक वीणा दोघांच्याही गळ्यात होती, आणि दोघांनीही ती दुसऱ्याला दिसू नये म्हणून अंगाखाली दडवली होती. मी नवऱ्याला कधी म्हटलं नाही की मी तीनला उठते. त्याने काळजी करू नये म्हणून. तो तरी काय करत असेल रात्री, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मुळगावहून निघालो आणि पाऊस खऱ्या अर्थाने सुरू झाला. या रस्त्याची मला भीती होती. खाणींचा हा भाग. रस्त्याकडेच्या टेकड्या दिसतात त्यातल्या कित्येक टेकड्या नव्हेतच, खाणीतून उपसलेल्या मातीचे ढीग आहेत, वर अकेशियाची झाडं लावलेली. आमचा टिपर याच रस्त्याने धावायचा. नवऱ्याला डबा देण्यासाठी मी एकदा इथे आले होते, तेव्हा झाडांची पानं लाल होती आणि चेहरेही लाल. आता पावसाने सगळं धुतलेलं, हिरवंगार. ते ढीग पाहिले आणि टिपर आठवला, हप्ता आठवला, बँकेतून फोन यायचा ती वेळ आठवली. मी वाट बघत होते की आता पोटात खड्डा पडेल.

याच वेळी पुढच्यांनी 'ज्ञानोबा माउली तुकाराम' धरलं आणि लय वाढवली. ओरडून म्हणावं लागत होतं, पाऊस तेवढा होता. पुढची रांग म्हणायची, ती संपली की आम्ही. आपली पाळी येईपर्यंत श्वास घ्यायचा आणि शेवटच्या अक्षरापर्यंत तो पुरवायचा. पाय चिखलात, हात टाळात, तोंड नामात. माझ्या समोर एक बाई चालत होती, तिने चपला पिशवीत ठेवल्या होत्या. तिची टाच उचलली जायची तेव्हा तिच्यावर लाल मातीची चंद्रकोर दिसायची. पुढच्या पावलाला रस्त्यावरचं पाणी ती धुऊन टाकायचं. पुन्हा माती, पुन्हा पाणी.

मग कुणीतरी म्हणालं, "डिचोली आली."

मी चमकले. मुळगावहून डिचोलीपर्यंतची वाट मला आठवेना. झोपले नव्हते, भान हरपलं वगैरेही नव्हतं. टाळ चुकला नव्हता, नाहीतर शेजारणीचा हात कानाशी आला असता. मध्ये ट्रक गेले असतील, कुत्री भुंकली असतील. पण त्या सबंध वेळात मी एकही आकडा मोजला नव्हता. सात वर्षांत पहिल्यांदा. आणि हे कळलं ते संपल्यावर. कळल्याबरोबर मन लगेच हजर: किती मिनिटं झाली असतील, कोणत्या वळणापासून सुरू झालं, आता परत कसं आणायचं? मी मुद्दाम त्या बाईच्या टाचेकडे बघायला लागले. काही झालं नाही. टाच ती टाचच राहिली.

माईंना सांगितलं. त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "येतं, जातं," म्हणाल्या. "तू टाळ सोडू नको म्हणजे झालं."

मला वाटतं डॉक्टरांचं आणि माईंचं सांगणं एकच होतं. श्वास लांब सोडायचा. फरक एवढाच की इथे तो मोजायचं काम माझ्याकडे नव्हतं. ते पखवाजवाल्याकडे होतं, पुढच्या रांगेकडे होतं. मी गप्प बसून मन रिकामं करायला जायचे तेव्हा त्या रिकाम्या घरात पहिला हिशेबच येऊन बसायचा. इथे घर माणसांनी भरलेलं होतं, त्याला बसायला जागा मिळाली नाही.

बोर्डे, कारापूर तिस्क, आणि पुढे विठ्ठलापूर. कारापूरला दुसऱ्या गावांच्या दिंड्या भेटल्या आणि शेवटचा टप्पा नुसता गलबला होता. दर्शनाविषयी फार सांगण्यासारखं नाही. रांग लांब, अंगावर ओले कपडे, एक लहान मूल सारखं रडत होतं. गाभाऱ्यासमोर मला जेमतेम श्वासभर वेळ मिळाला. कमरेवरचा एक हात दिसला आणि तुळशीचा हार, तेवढ्यात मागून रेटा आला. झोप मागायची असं घरून ठरवून आले होते, ते राहून गेलं.

नंतर पूल ओलांडून आम्ही साखळीच्या दत्ताला गेलो. मागे डोंगर, पोफळी. ज्यांचं मन बिघडलं आहे अशांना या दत्ताकडे आणतात, ही जुनी श्रद्धा. माई तिथे बराच वेळ हात जोडून होत्या. बाहेर पायरीवर बसल्यावर म्हणाल्या, "माझ्या भावाला इथे आणला होता. चार माणसांनी धरून." मी काही बोलले नाही. "दत्ताच्या पायावर घातला आणि मग बांबोळीला डॉक्टरकडे नेला. गोळ्या चालू होत्या शेवटपर्यंत. लोक विचारायचे, नेमका गुण कुणाचा? मी म्हणायची, मला भाऊ जेवायला बसलेला दिसतो, तुम्ही बसा ठरवत." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुझा दिवा मी बघते हो. एकटीने नको बसू."

परत बसने आलो. दिवसभर चाललेली वाट तासाभरात मागे गेली. मुळगावच्या त्या ओट्यावर आता एक मांजर बसलं होतं.

त्या रात्री तीनला जाग आली. नेहमीसारखीच. पायांचे गोळे दगडासारखे झाले होते, कूस बदलताना मी कण्हले.

"दुखतात?" अंधारातून नवरा म्हणाला. आवाजात झोप नव्हती.

"तुम्ही जागे आहात?"

"असतो मी. या वेळेला असतोच."

"कधीपासून?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "टिपर उभा राहिला तेव्हापासून."

मग आम्ही बोललो. टिपर नेला त्या दिवशी तो मागच्या दारी जाऊन उभा राहिला होता, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी कुणाकडून गुपचूप पैसे घेतले होते, ते त्याला. काही आकडे त्याने सांगितले, काही मी, आणि दोघांचे जुळले नाहीत. त्याने उठून खोबरेल तेल आणलं, माझे पाय चोळायला घेतले. चोळता चोळता तो डिचोलीच्या रस्त्याचं विचारत होता, ढिगांवर झाडं केवढी झाली, मुळगावचं ते चहाचं दुकान आहे का अजून. मी सांगत होते. कुठल्या तरी वाक्याच्या मध्येच मला झोप लागली असावी, कारण जाग आली ती पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंपूने, आणि तेलाची वाटी झाकण न लावता तशीच उशाशी होती.