बाबांचे पाय

अंधेरीतल्या आमच्या स्टुडिओत 'अ डेट विथ ज्युडी' मराठी डबिंगला आला, तेव्हा सोबत एम-अँड-ई ट्रॅक, म्हणजे संवाद वगळून नुसतं संगीत आणि बाकीचे आवाज असलेला ट्रॅक, नव्हता. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओचा १९४८चा सिनेमा. आमच्याकडे आलेल्या कॉपीत संवाद, संगीत, पावलं सगळं एकत्र कालवलेलं. इंग्रजी बोलणं काढलं की त्याखालची पावलंही जाणार. थोडक्यात, ती सगळी आम्हा फोलीवाल्यांनी, म्हणजे पडद्याकडे बघत पावलांसारखे आवाज स्वतः करणाऱ्यांनी, नव्याने टाकायची.

गोष्ट सांता बार्बराची. ज्युडी म्हणजे जेन पॉवेल, तिची मैत्रीण पंधरा-सोळाची एलिझाबेथ टेलर, आणि दोघींच्या मध्ये रॉबर्ट स्टॅक. ही पोरं आमच्या कामाला सोपी, दुपारपर्यंत उरकली. खरी गंमत वडिलांची. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला चकित करायचं म्हणून हे गृहस्थ कार्मेन मिरांडाकडून गुपचूप रुंबा नाच शिकतात, आणि लेकीला वाटतं, बाबांचं बाहेर काहीतरी चाललंय!

वडील झालेत वॉलेस बेरी, साठी ओलांडलेला धिप्पाड गडी. आमच्याकडचा नवा मुलगा डान्स क्लास केलेला, त्यामुळे त्याची पावलं बरोब्बर तालात. पडद्याशी लावून बघितलं तर बाबा एकदम सराईत वाटायला लागले. असे नाचणारे बाबा दिसले तर ज्युडीच काय, मीही संशय घेईन.

बाबांचा आवाज देणारे काका, जुने नाटकवाले, बाहेर चहा पीत उभे होते.

"काका, जरा पाय द्या ना."

"अरे, मी वरातीतसुद्धा नाचत नाही."

"म्हणूनच म्हणतोय."

पेटीतले कातडी बूट त्यांना सैल होत होते, तेही पथ्यावरच पडलं. काका फळीवर चढले. तोंडातल्या तोंडात एक-दोन-तीन मोजायचे, दोनवर थांबून खाली पायाकडे बघायचे, आणि तिसरं पाऊल दाणकन उशिरा पडायचं. तो उशीर मुद्दाम करून जमला नसता.

कार्मेन मिरांडाच्या उंच प्लॅटफॉर्म बुटांचा पोकळ ठोका माझ्याकडे होता. कॅन्टीनमधल्या फुटक्या पोळपाटाचे तुकडे चपलांना बांधले, भिंत धरून नाचलो. काकांनी दोनदा माझ्याच पायावर पाय दिला.

टेक ओके झाला तेव्हा काकांना चांगलीच धाप लागली होती. माइकने तीही उचललेली. इंजिनिअर कापायला निघाला, मी म्हटलं राहू दे, बेरीच्या तोंडावर चपखल बसतेय.