देवगडच्या हवेत नायट्रो इंजिन लावताना

नायट्रो गाडी म्हणजे खऱ्याखुऱ्या छोट्या इंजिनावर पळणारी रिमोटची गाडी. तिच्यासोबतच्या कागदावर हाय स्पीड नीडल, म्हणजे पूर्ण वेगात किती इंधन जावं ते ठरवणारा स्क्रू, किती फेरे उघडी ठेवायची ते छापलेलं असतं. इंजिन पहिल्यांदा सुरू करायला तेवढं पुरतं. पुढचं सगळं हवा ठरवते, आणि आमच्या देवगडची हवा सकाळी एक, दुपारी दुसरीच. माझं २.५ सीसीचं इंजिन या हवेत रुळेपर्यंत काय काय करावं लागलं ते लिहून ठेवतेय. किनाऱ्यावर हा नाद असणारे थोडे, विचारायला जवळ कोणी नसतं.

आधी इंधन. यात पेट्रोल चालत नाही. मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचं तेल असं ते मिश्रण असतं. माझ्या डब्यात नायट्रो २० टक्के. इंजिन टू-स्ट्रोक, त्यामुळे वंगण वेगळं घालायचं नसतं, इंधनातूनच जातं. मेथॅनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि कोकणात ओलीला काय तोटा! भाऊ मुंबईहून स्वतःच्या गाडीतून डबा आणतो. मी लागेल तेवढं छोट्या बाटलीत काढते आणि डबा लगेच घट्ट बंद करून सावलीत ठेवते. मेथॅनॉल विषारी आहे, कातडीतूनही अंगात जातं. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. म्हणून हातमोजे घालायचे, आणि इंधन भरताना आसपास विडी-काडी नको.

या इंजिनात ठिणगी नसते. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची बारीक तार इग्नायटरच्या, म्हणजे प्लगला लावायच्या छोट्या बॅटरीच्या, दीड व्होल्टवर तापते. एकदा इंजिन धरलं की इग्नायटर काढला तरी मेथॅनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या संयोगाने, आतल्या उष्णतेवर ती तापलेलीच राहते. शेजारचे काका बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. असलं इंजिन त्यांनी कधी हाताळलं नव्हतं, पण पहिल्याच दिवशी म्हणाले, "आदी प्लग बघ गो, मगे स्क्रूक हात लाय." हा सल्ला मी अजून पाळते. प्लग बाहेर काढून इग्नायटरला लावायचा. तार झळझळीत नारिंगी दिसली तर ठीक. मंद लाल दिसली, तर इग्नायटर चार्ज करायचा. तरीही तसंच राहिलं तर प्लग बदलायचा.

मग सायलेन्सरच्या तोंडावर बोट धरून इंजिन सुरू करायची दोरी हळू ओढायची. इंधन पारदर्शक नळीतून कार्ब्युरेटरपर्यंत सरकताना दिसतं. तिथे पोचलं की थांबायचं. जास्त गेलं तर दोरी अडकते, कारण द्रव दाबला जात नाही. तेव्हा जोर करायचा नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून, गाडी उलटी करून दोरी ओढली की साचलेलं इंधन बाहेर उडतं. तोंड मात्र बाजूला ठेवायचं.

नवं इंजिन थंड असताना वरच्या टोकाला घट्ट लागतं. त्याची स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, वर किंचित निमुळती असते आणि तापल्यावर हवी तेवढी फुगते. मी ताईच्या हेअर ड्रायरने हेड, म्हणजे इंजिनाचा माथा, गरम करूनच दोरी ओढायचे. पहिल्या काही टाक्या मिश्रण रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) ठेवून, थोडं चालवून, पूर्ण थंड होऊ देत संपवल्या. बंद केल्यावर फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणायचा, म्हणजे थंड होताना स्लीव्ह त्याला आवळत नाही.

खरं काम त्यानंतरचं. ट्यूनिंगसाठी मी पवनचक्कीच्या बाजूच्या कातळावर जाते. पुळणीवर नाही, बारीक वाळू आणि खार इंजिनाची वाट लावतात. कातळावर तांबडी धूळ असते, पण तेल लावलेला फोमचा फिल्टर ती अडवतो.

आधी गाडी फिरवून इंजिन पूर्ण तापू द्यायचं, कारण थंड इंजिनावर केलेलं ट्यूनिंग टिकत नाही. मग हाय स्पीड नीडल. पूर्ण थ्रॉटलला आवाज भरडा, धूर दाट आणि गाडी जड वाटली तर मिश्रण रिच. नीडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायची, पण एका वेळी घड्याळातल्या एका तासाएवढीच. आवाज किंचाळल्यासारखा झाला, धूर गेला आणि लांब पल्ल्यात गाडी अडखळली तर लीन, म्हणजे इंधन कमी. नीडल लगेच उलटी फिरवायची. वेगात असतानाही मागे निळसर धुराची बारीक रेघ दिसायलाच हवी. हेडवर पाण्याचा थेंब टाकला की दोन-तीन सेकंद चरचरत उडावा. टेकताक्षणीच उडाला तर इंजिन फार तापलंय. माझ्या टेंपरेचर गनवर साधारण १०५ ते ११५ अंश सेल्सिअस दिसलं की मी समाधानी असते.

लो स्पीड नीडल, म्हणजे कमी वेगातलं इंधन ठरवणारा स्क्रू, नंतर. गरम इंजिन आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता मंद चालू, असताना इंधनाची नळी चिमटीत दाबायची. दोन-तीन सेकंदांत आवाज किंचित चढून इंजिन बंद पडलं तर बरोबर. लगेच बंद पडलं तर लीन, बराच वेळ रेंगाळलं तर रिच. आयडल स्क्रू सगळ्यात शेवटी.

आता हवेचं. तीस अंशांच्या अगदी दमट हवेत शंभरातले चार भाग नुसती वाफ असू शकते, म्हणजे ऑक्सिजन तेवढा कमी. हवा विरळ, इंधन तेवढंच, म्हणून मे महिन्यात खारा वारा सुटला की इंजिन रिच वागतं आणि नीडल किंचित बंद करावी लागते. जानेवारीत पहाटे मतलई वारा असतो. ती हवा गार, कोरडी, दाट. मेमधल्या सेटिंगवर तेव्हा गाडी काढली तर इंजिन लीन चालतं, म्हणून त्या सकाळी आधी नीडल उघडते. धोका या बाजूचा जास्त, कारण लीन इंजिनाला इंधन कमी म्हणजे वंगणही कमी.

दिवस संपला की टाकी रिकामी करून, इंजिन चालवून आत उरलेलं इंधन संपवायचं. नंतर प्लगच्या आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून आफ्टर-रन ऑइलचे थेंब सोडून दोरी काही वेळा ओढायची. खाऱ्या हवेत बेअरिंग गंजायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात इंजिन काढून, पिस्टन खाली ठेवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.