सारकोमा : गाठ काढण्याआधीचे दिवस

पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, स्नायूत खोल बसलेली किंवा महिन्यागणिक वाढणारी गाठ असेल, तर एमआरआय आणि बायोप्सी झाल्याशिवाय ती कुणालाही काढू द्यायची नाही. दुखत नसली तरीही. खरं तर दुखत नाही म्हणूनच माणसं अशी गाठ अंगावर काढतात. माझी उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला होती. पतसंस्थेत दिवसभर खुर्चीत बसून काम. बसलं की एका अंगाला कलल्यासारखं व्हायचं, म्हणून मी उशी बदलून पाहिली, मग खुर्ची बदलून घेतली.

घराजवळच्या एका सर्जननी बोटांनी चाचपलं आणि सांगितलं, "चरबीची गाठ आहे. शनिवारी या, जागेवर बधिर करून अर्ध्या तासात काढून टाकू." त्याआधी नावापुरती एक सोनोग्राफी. ती करणाऱ्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी रिपोर्टात लिहिलं : ९ सेंटिमीटर, स्नायूच्या आवरणाखाली, आत रक्तप्रवाह दिसतो, एमआरआय करावा. आणि तोंडी म्हणाल्या, "ताई, शनिवारचं पुढे ढकला." सर्जनना ते रुचलं नाही. साध्या लायपोमाला एमआरआय म्हणजे पैसे उधळणं, असं त्यांचं मत. आम्ही उधळले.

एमआरआयच्या रिपोर्टात 'सारकोमाची शक्यता' असं होतं. सारकोमा म्हणजे स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या, हाडं, कूर्चा अशा शरीर बांधून ठेवणाऱ्या ऊतींचा कॅन्सर. मोठ्या माणसांतल्या सगळ्या कॅन्सरमध्ये याचा वाटा साधारण एक टक्का, आणि त्या एका टक्क्यात पुन्हा सत्तरच्या वर प्रकार. त्यामुळे स्तनाचा किंवा तोंडाचा कॅन्सर रोज बघणाऱ्या डॉक्टरांकडेही वर्षभरात याचे पेशंट मोजकेच येतात. आमचं घोडं इथेच अडलं. पुण्यात कॅन्सरची हॉस्पिटलं चिक्कार आहेत, पण फोनवर "तुमच्याकडे सारकोमा बघणारे डॉक्टर कोण?" असं विचारलं की पलीकडून "कॅन्सर ओपीडी ना? उद्या अकराला या" एवढंच उत्तर. धाकट्या दिरांनी मग प्रश्नच बदलला. मांडीच्या गाठीचं ऑपरेशन करणारे हाडांच्या कॅन्सरचे सर्जन आहेत का, ते कोणत्या वारी बसतात, आणि केस ट्यूमर बोर्डपुढे ठेवतात का? ट्यूमर बोर्ड म्हणजे सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून एका पेशंटचं ठरवतात ती बैठक. या प्रश्नांवर दोन ठिकाणी धड उत्तर मिळालं. त्यांतलं एक आम्ही धरलं.

या डॉक्टरांच्या ओपीडीबाहेर बारामतीकडचे एक काका भेटले. पोटरीतली गाठ गावाकडेच 'चरबीची' म्हणून काढली होती, आणि काढलेली गाठ तपासायला पाठवल्यावर सारकोमा निघाला. या गाठीभोवती एक आवरण दिसतं, ते फसवं असतं. त्याच्या बाहेरही पेशी पसरलेल्या असतात. त्यामुळे नुसती सोलून काढली की काही पेशी मागे राहतात आणि जखमेतल्या रक्ताबरोबर आजूबाजूला जातात. काकांना आता जुनी जखम, तिच्याभोवतीचं मांस, नळी ठेवली होती ती जागा, सगळंच पुन्हा काढायचं होतं. वर मांडीची कातडी लावायची होती. काका शांतपणे सांगत होते, शेजारी काकू मात्र त्या डॉक्टरचा उद्धार करत होत्या.

बायोप्सीबद्दल घरात दोन तट. सासूबाईंचं ठाम मत, "लोखंड लागलं की ते पसरतं." हे मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, सुई नीट जागेतून गेली तर भीती नाही. भलत्या जागेतून गेली तर मात्र अडचण होते. म्हणून सुई घालण्याआधी त्यांनी स्वतः पेनने मांडीवर रेघ ओढली. उद्या ऑपरेशनचा काप या रेघेवरून जाणार, म्हणून सुईही इथूनच. म्हणजे सुईची वाट गाठीबरोबर काढून टाकता येते. बारीक सुईची एफएनएसी करायला त्यांनी नकार दिला. तिच्यात सुट्या पेशी मिळतात, आणि सारकोमाचा प्रकार ठरवायला सलग तुकडा लागतो. जागा बधिर करून सोनोग्राफीत बघत रेडिओलॉजिस्टनी सुई चालवली. दर वेळी खट्ट असा आवाज, आणि फॉर्मलीनच्या बाटलीत शेवयांच्या तुकड्यांसारखं काहीतरी पांढुरकं तरंगायचं. पुढची सगळी गणितं त्या तुकड्यांवर होती.

पहिल्या रिपोर्टाने समाधान झालं नाही. 'मिक्सॉइड सारकोमा, पुढील तपासण्या कराव्यात.' मिक्सॉइड म्हणजे जेलीसारखी दिसणारी, पण नेमका प्रकार कोणता ते नाही. पतसंस्थेत मी कर्जाच्या फायली तपासते, त्यामुळे अर्धवट शेरा मला लगेच टोचतो. डॉक्टरांनाही तो टोचला होता. ते म्हणाले, स्लाइड आणि ब्लॉक घेऊन परळला टाटाला जा, तिथे बोन अँड सॉफ्ट टिश्यूचा वेगळा विभाग आहे, तिथल्या पॅथॉलॉजिस्टनी पाहू दे. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमचाच तुकडा, प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार चौकटीत, कडेला नंबर घातलेला. लॅब तो सही घेऊन देते, आणि तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. काउंटरवरच्या मुलाने बजावलं, "काकू, उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळेल." मी तो पर्समध्ये रुमालात गुंडाळून नेला, एमआरआयची सीडी वेगळी.

सकाळच्या सिंहगडने दादर, तिथून टॅक्सी. टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि देशभरातून माणसं तिथे येतात, त्यामुळे गर्दीची तयारी ठेवूनच जावं. जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन प्रकारच्या नोंदण्या असतात. मुक्काम पडला तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती. जागेसाठी आधी चौकशी करावी लागते आणि हॉस्पिटलचे कागद लागतात. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना सवलत मिळते. स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडं माफ, सेकंड क्लास आणि चेअर कारला ७५ टक्के, आणि सोबतच्या माणसालाही ७५ टक्के. हॉस्पिटलने भरून दिलेला फॉर्म तेवढा हवा. आम्हाला हे पहिल्या खेपेला कुणी सांगितलं नव्हतं.

टाटाच्या रिपोर्टात नाव पक्कं झालं : मिक्सॉइड लायपोसारकोमा, म्हणजे चरबीच्या ऊतीचा सारकोमा. फिश नावाच्या तपासणीत डीडीआयटी३ या जनुकाची मोडतोड दिसली, आणि ती या प्रकाराची खूण आहे. 'राउंड सेल' म्हणून एक घटक असतो. तो ५ टक्क्यांपेक्षा जास्त असला की आजार जास्त आक्रमक मानतात. माझ्यात तो त्याहून कमी होता. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडल्यात, किती वेगाने विभागतात आणि गाठीत किती भाग मेलेला आहे, याचा हिशेब. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय ते. नातेवाईक फोनवर फक्त स्टेज विचारतात. सारकोमात ग्रेडला तेवढंच वजन आहे, पण हे फोनवर कितीदा समजावणार?

सारकोमा पसरला तर बहुतेकदा आधी फुप्फुसात जातो, म्हणून छातीचा सीटी केला. तो स्वच्छ आला. माझा प्रकार मात्र थोडा वेगळ्या वाटेने जाणारा. तो पाठीच्या कण्यात किंवा दुसरीकडच्या चरबीतही उगवू शकतो आणि पेट स्कॅनमध्ये कधीकधी नीट दिसत नाही. म्हणून कण्याचा एमआरआय वेगळा केला.

"पाय कापतात म्हणे" हे वाक्य या काळात मी फार ऐकलं. डॉक्टरांनी त्यावर एक जुना अभ्यास सांगितला. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने १९८२ साली प्रसिद्ध केला होता : काही पेशंटचा पाय किंवा हात कापला, काहींचा वाचवून गाठ रुंद काढली आणि रेडिएशन दिलं. जगण्यात फरक पडला नाही. तेव्हापासून अवयव वाचवणं हीच पहिली पसंती, आणि बहुतेकांचा पाय वाचतो. माझा प्रश्न पायाचा कमी, कमरेतून पायात उतरणाऱ्या जाड सायटिक नसेचा जास्त होता. गाठ तिला अगदी खेटून होती.

खरी चर्चा झाली ती रेडिएशन आधी की नंतर, यावर. आधी दिलं तर डोस कमी लागतो, ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप). नंतर दिलं तर ६० ते ६६, आणि तेही मोठ्या भागावर. आधी दिल्यावर ऑपरेशनची जखम भरायला त्रास होण्याची शक्यता साधारण दुप्पट. नंतर दिल्यावर पुढे पाय कडक होण्याची, सूज राहण्याची शक्यता जास्त. म्हणजे आत्ताचा त्रास की कायमचा, एवढंच निवडायचं होतं. मिक्सॉइड प्रकार रेडिएशनला चांगला दाद देतो, गाठ आक्रसली तर नस सोडवणं सोपं जाईल, म्हणून बोर्डाने 'आधी' म्हटलं आणि मलाही ते पटलं. केमोबद्दल मतं दोन निघाली. डॉक्सोरुबिसिन आणि आयफोस्फामाइड ही नेहमीची जोडी. मोठ्या, खोल, वरच्या ग्रेडच्या गाठीत तिचा विचार होतो, पण फायदा सगळ्यांना सारखा नाही. राउंड सेल कमी म्हणून माझ्यात ती टाळली. दुसऱ्या प्रकारात हे सगळं उलटंही होऊ शकतं : युइंग सारकोमात केमोशिवाय चालत नाही, आणि जठर-आतड्यातल्या जिस्ट नावाच्या सारकोमाला इमॅटिनिबची गोळी लागते. म्हणून शेजारणीच्या भावाला काय दिलं ते विचारून उपयोग नाही.

रेडिएशन पुण्यातच घेतलं, सोमवार ते शुक्रवार, २५ वेळा. पहिल्या दिवशी पालथं झोपवून पायाचा साचा केला, कातडीवर गोंदवून बारीक ठिपके केले. त्यानंतर रोज हिरव्या लेझरच्या रेघा त्या ठिपक्यांवर जुळवायच्या, "हलू नका मॅडम" म्हणायचं आणि सगळ्यांनी बाहेर जायचं. मशीनखाली काही मिनिटं. खरा वेळ रिक्षा, रांग आणि सिंहगड रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये जायचा. शेवटी शेवटी मांडीची कातडी काळवंडली, सलवार टोचायची, तेव्हा आईच्या जुन्या मऊ सुती साड्या कामी आल्या.

मग कातडी निवळण्यासाठी काही आठवड्यांची विश्रांती आणि त्यानंतर ऑपरेशन. नस वाचली, तिच्यावरचं पातळ आवरण मात्र गाठीबरोबर गेलं. कडा मोकळ्या आल्या, म्हणजे काढलेल्या मांसाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. डॉक्टरांनी आधीच सांगितल्याप्रमाणे जखमेने छळलं. पाणी झिरपत राहिलं, टाके एका जागी उघडले, ड्रेसिंग लांबलं. घरी नवरा रोज हातमोजे घालून ड्रेसिंग करायचा आणि नर्सपेक्षा जास्त सूचना द्यायचा. फिजिओथेरपी अजून चालू आहे. जिना चढते, भारतीय बैठक मात्र जमत नाही.

पैशांचं थोडक्यात. आमचा मेडिक्लेम होता. कॅशलेसला बायोप्सीचा रिपोर्ट लागतो, तोवरचा सगळा खर्च आधी खिशातून. विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन बसतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, गाठायचं, आणि तेही उपचार सुरू व्हायच्या आधी. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या पेशंटसाठी राखीव असतात. विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही, तेव्हा समाजसेवा विभागात जाऊन विचारा.

आता पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. मांडीचा एमआरआय, छातीचा सीटी, आणि माझ्या प्रकारामुळे कण्याचाही एमआरआय. मांडीच्या आजाराला पाठीचा एमआरआय कशाला, असं विमेवाल्यांनी मागच्या खेपेला विचारलं. डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून आणल्या, तेव्हा पैसे सुटले. त्या पत्राच्या झेरॉक्स मी फायलीत सगळ्यात वर लावून ठेवल्या आहेत, कारण पुढच्या वेळी टेबलावर माणूस दुसरा असेल आणि प्रश्न तोच असेल.