चित्रं गेली, मजकूर राहिला

रामबागेतला एक वाडा पाडायचं ठरलं आणि तिथल्या काकूंचा फोन आला. माझा जुन्या पुस्तकांचा धंदा खजुरी बाजारात. इंदूरच्या मराठी घरांतली कपाटं रिकामी होऊ लागली की रद्दीवाल्याच्या आधी पोचायचं, एवढंच त्यातलं कौशल्य.

"कादंबऱ्या मुलीनं नेल्या. हे इंग्रजी तेवढं उरलंय, किलोनं घेऊन जा," काकू म्हणाल्या.

वाळवी नव्हती, कसर होती. गठ्ठ्यातून पुठ्ठा निखळलेला एक जाडजूड खंड निघाला. ह्यूम आणि मार्शल यांच्या शिकारीच्या पक्ष्यांवरच्या ग्रंथाचा पहिला भाग. 1879 ते 1881 या काळात कलकत्त्याला याचे तीन भाग निघाले. ह्यूम म्हणजे तेच, काँग्रेसच्या संस्थापकांतले. शिवण तपासली, तर रंगीत चित्रांच्या जागी ब्लेडनं कापलेल्या नुसत्या पट्ट्या.

"चित्रं ना? ती फ्रेमवाल्याला दिली. बरे पैसे आले त्याचे."

निसर्गाच्या जुन्या पुस्तकांचं हे नेहमीचंच. चित्र दिवाणखान्यात, मजकूर रद्दीत. गंमत अशी, की या ग्रंथातली बरीच चित्रं खुद्द ह्यूमसाहेबांनाच पसंत नव्हती. जीव होता तो मजकुरात. पुढे सिमल्यात त्यांची पक्ष्यांवरची हस्तलिखितं नोकरानं बाजारात रद्दी म्हणून विकली आणि त्यांचं मन त्यातून उडालं. 1885 मध्ये पक्ष्यांचा प्रचंड संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. रद्दीशी माझा रोजचा संबंध, म्हणून असेल, ही गोष्ट मला फार लागते.

धंद्याच्या हिशेबानं बिनचित्रांच्या खंडाला भाव नाही. मजकुराचं स्कॅन इंटरनेटवर फुकट मिळतं. तरी चाळत राहिलो आणि खरमोर या पक्ष्याच्या पानांवर थांबलो. समासात पेन्सिलीनं बारीक मोडी लिहिलेली. मला ती अडखळत वाचता येते. बेटम्यापुढचा माळ, श्रावण, सन 1931, नर दोन, उड्या मारताना. खाली आणखी सालं, आणखी गावं.

"आमचे आजेसासरे. होळकरांच्या नोकरीत होते," काकू म्हणाल्या.

खरमोर पावसाळ्यात माळरानात येतो. मादीचं लक्ष वेधायला नर गवतावर सारख्या उड्या घेतो आणि त्यामुळेच बंदुकीला आयता सापडायचा. आता सैलाना नि सरदारपूरला त्याच्यासाठी 1983 पासून अभयारण्यं आहेत, पण पक्षी नाहीसा होत चाललाय. पूर्वी तो नेमका कुठे दिसायचा, हे स्कॅनमध्ये कुठून सापडणार?

रतलामचा एक मुलगा यावरच काम करतो. माझ्याकडे जुनी पुस्तकं शोधत येतो, संग्रहासाठी नव्हे, वाचायला. त्याला तिथूनच फोन लावला. चित्रांचं त्यानं विचारलंही नाही. म्हणाला, "दादा, तारखा आहेत का? गावाचं नाव स्पष्ट लागतंय?"

मी काकूंना किलोच्या हिशेबापेक्षा बरीच मोठी रक्कम सांगितली. त्यांनी खंड माझ्या हातातून काढून घेतला.

"आजोबांचं अक्षर आहे म्हणता ना? मग नाही विकायचं. त्या मुलाला म्हणावं, इथे येऊन बस आणि उतरवून घे. पोहे करीन."

"आणि मोडी कोण वाचणार?"

"तुम्ही. तुम्हालाही पोहे."

बाकीचा गठ्ठा तोलून घेतला. बहुतेक कायद्याचे जुने रिपोर्ट होते.