चालू सिम्युलेशन मध्येच थांबवलं त्या दिवशी

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मी सिम्युलेशनचं (ओतकाम कसं होईल ते कॉम्प्युटरवर आधीच बघायचं) काम बघतो. गेल्या पावसाळ्यात एका मोठ्या पंप हाउसिंगचं सॉलिडिफिकेशन (ओतलेला धातू कसा गोठतो त्याचं गणित) परवापासून पळत होतं, मशीन एकच, लिनक्सवालं, 16 कोअर, 64 जीबी रॅम, आणि अजून निम्मं बाकी. तेवढ्यात पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन, ब्रॅकेटला श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी) येतंय, रायझर (साच्यातला जादा धातूचा साठा) बदलून संध्याकाळपर्यंत सांगा.

मालक म्हणाले, "बंद कर की रं ते, उद्या परत लाव." म्हटलं मालक, बंद नको, थांबवतो नुसतं.

चालू प्रोग्राम थांबवणारं कंट्रोल-झेड दाबायला टर्मिनलच नव्हतं, नोहपनं सोडलेलं, म्हणजे टर्मिनल बंद केलं तरी चालत राहील असं. मग पीकिल कमांडनं सॉल्व्हरच्या (गणित करणाऱ्या प्रोग्रामच्या) सगळ्या प्रोसेसना एकदमच सिगस्टॉप, म्हणजे 'थांब' असा सिग्नल, पाठवला. एकदमच, कारण ते 16 तुकडे एकमेकांशी बोलत चालतात, एकच थांबवला तर बाकीचे त्याची वाट बघत बसतात आणि तरी कोअर शंभर टक्के खातात (एमपीआयचं, म्हणजे त्यांच्या बोलण्याच्या व्यवस्थेचं, हे मला कधीच पटलेलं नाही). सिगस्टॉप प्रोग्रामला अडवता येत नाही, प्रोग्राम मारून टाकणाऱ्या सिगकिलसारखंच, कर्नल (लिनक्सचा गाभा) परस्पर थांबवतं. टॉपमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या यादीत, सगळ्यांच्या पुढं टी (थांबलेलं), सीपीयू शून्य.

पण रॅम होती तेवढीच भरलेली. मालक म्हणाले, "थांबलंय म्हणतोस, मग जागा का अडवलीया?" म्हटलं माणूस झोपला म्हणून खाट रिकामी होती व्हय? ब्रॅकेटचं काम लावलं तसं रॅम कमी पडायला लागली आणि कर्नलनं त्या झोपलेल्यांचा डेटा हळूहळू स्वॅपमध्ये (रॅम पुरेना की वापरायची डिस्कवरची जागा) सरकवला, ही सोय मात्र भारी.

आणि दुपारी लाईट गेली. यूपीएस बोंबलायला लागला. थांबवलेलं काम म्हणजे सेव्ह केलेलं नव्हे, स्वॅप डिस्कवर असला तरी मशीन बंद पडलं की त्याचा काही उपयोग नाही, शेवटची रिस्टार्ट फाईल (जिथून पुन्हा सुरू करता येतं ती) आदल्या रात्रीची. जनरेटर लागेपर्यंत कुणाशी बोललो नाही.

संध्याकाळी ब्रॅकेटचा रिपोर्ट पाठवला, सिगकॉन्ट, म्हणजे 'चालू हो' असा सिग्नल, दिला. सुरुवातीला रांगत होतं, स्वॅपमधून डेटा परत यायचा होता, मग धरला स्पीड. सकाळी मालकांनी लॉग बघितला आणि विचारलं, बाकीच्या स्टेपला मिनिटभर लागतंय, ह्या एकाच स्टेपला चार तास कसे काय?