आंबा घाट आणि वाढवलेली अश्वशक्ती
गेल्या एप्रिलमध्ये घरची माणसे आणि डिकीत हापूसच्या पेट्या घेऊन मी रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो होतो. साखरपा मागे पडले, आंबा घाटाची चढण लागली आणि तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा २००० वरून ३००० कडे झेपावला. वेगाचा काटा मात्र जागचा हलला नाही. पाठोपाठ क्लचप्लेट जळाल्याचा उग्र वास गाडीत भरला. महिन्यापूर्वीच मी या जुन्या डिझेल गाडीच्या ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) रिमॅपिंग, म्हणजे सॉफ्टवेअरमधील बदल, करून घेतले होते आणि वाढलेला टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) मूळ क्लचला पेलवला नव्हता.

टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेल्या पेट्रोल इंजिनाला नुसता एअर फिल्टर किंवा सायलेन्सर बदलून फारसे काही मिळत नाही. आवाज तेवढा वाढतो. टर्बो डिझेलचे तसे नाही. टर्बोचा दाब आणि डिझेलचे प्रमाण सॉफ्टवेअरने वाढवले की ताकद खरोखरच वाढते, आणि म्हणूनच मोह होतो. पण ही ताकद कोणत्या आरपीएमला मिळते, हे पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही, कारण न्यूटन-मीटरमधील टॉर्कला आरपीएमने गुणून ७०२३ ने भागले की जे येते तेच पीएस, म्हणजे अश्वशक्ती. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन स्विफ्टमध्ये ७५ पीएस आणि १९० न्यूटन-मीटर देत असे. तेच इंजिन व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोसह (पात्यांचा कोन बदलणाऱ्या टर्बोसह) अर्टिगामध्ये ९० पीएस देई, पण टॉर्क २०० न्यूटन-मीटरच. म्हणजे ताकद वाढली ती मुख्यतः ४००० आरपीएमच्या आसपास, आणि भरलेली गाडी घेऊन घाट चढताना तिथवर कोण जातो? आपल्याला हवा असतो तो २००० च्या आसपासचा टॉर्क.

लांज्याच्या आमच्या मेस्त्रींनी क्लचप्लेट बदलली, मूळ मॅप (ईसीयूचे कंपनीचे सॉफ्टवेअर) परत टाकून घेतला आणि मग टर्बोकडून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा रबरी पाइप काढून माझ्या हातात दिला. वरून तो धडधाकट दिसत होता. क्लॅम्पखालचा भाग अंगठ्याने वाकवताच मात्र नखाएवढी चीर उघडली आणि बोटांना काळपट तेल लागले. चढणीवर दाब वाढला की ही चीर उघडायची आणि दाबलेली हवा बाहेर निसटायची; ईसीयू मात्र आत आलेल्या हवेच्या मोजमापावर डिझेल सोडतच राहायचा. मागून निघणारा काळा धूर त्याचाच होता, आणि ज्या शिट्टीला मी टर्बोचा आवाज समजून खूश होत होतो, तीही त्याचीच. एअर फिल्टर आपटला तेव्हा जांभ्याची लाल माती फरशीवर पसरली. गाडी घाटात दमते म्हणून मी रिमॅपिंग केले, आणि दमण्याचे कारण हे होते. नवा पाइप आणि नवा फिल्टर बसवल्यावर त्याच घाटात, जवळपास तेवढ्याच वजनासह, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढली.

कायद्याचेही ध्यानात ठेवावे. नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आणखी एक, खास आपल्याकडचे: थंड हवा मिळावी म्हणून फिल्टर बंपरच्या मागे खाली आणणारे किट कोकणात बसवू नये. जुलैत रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना ते पाणी थेट सिलिंडरमध्ये ओढले जाते, आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो.