गुन्हा नेमका कुठे पूर्ण होतो? फौजदारी कायदा शिकतानाचा माझा अनुभव

कायद्याच्या पहिल्या वर्षाला फौजदारी कायदा समोर आला, तेव्हा सगळ्यांचा सल्ला एकच होता : व्याख्या पाठ कर. व्याख्या पाठ कराव्याच लागतात, त्यातून सुटका नाही. पण हा विषय मला खऱ्या अर्थाने उमगला तो निकालांमधल्या हकिगती वाचताना. आधी हकिगत, मग तत्त्व, या क्रमाने मी वाचत गेले आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी तेच सुचवेन.

पहिला हाती आला तो इंग्लंडमधला १९१० चा व्हाइट खटला. मुलाने आईला मारायचं ठरवून तिच्या पेयात पोटॅशियम सायनाइड घातलं. आई त्यातलं थोडंसं प्यायली आणि नंतर मेलेली आढळली. हेतू आहे, विष आहे, मृत्यूही झालेला आहे. खुनाला आणखी काय हवं? पण वैद्यकीय पुरावा असा होता की ती हृदयविकाराने गेली आणि ते विष जीव जाण्याइतकं नव्हतंच. मुलाने काहीही केलं नसतं तरी ती गेलीच असती. म्हणून खून नाही. खुनाचा प्रयत्न मात्र सिद्ध झाला.

त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर मी चार प्रश्न लिहिले. आरोपीने केलं काय? ते करताना त्याच्या मनात काय होतं? परिणाम त्याच कृतीमुळे झाला का? आणि त्याला काही बचाव आहे का? प्रत्येकाचं उत्तर स्वतंत्र द्यायचं, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. मनात कितीही वाईट असलं तरी त्याने कारणसंबंधाची उणीव भरून निघत नाही, हे व्हाइटने शिकवलं.

सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या प्रश्नावर गेला, कारण मन आणि कृती यांची वेळ जुळावी लागते. फेगन खटल्याचा निकाल (१९६८) मी पुन्हा पुन्हा वाचला. पोलिसाने सांगितलेल्या जागी गाडी लावताना फेगनच्या गाडीचं चाक त्या पोलिसाच्या पायावर चढलं. ते मुद्दाम चढवलं की चुकून, हे ठरवता आलं नाही. पोलीस म्हणाला, गाडी काढ, माझा पाय खाली आहे. फेगनने शिवी दिली, थांब म्हणाला आणि इंजिन बंद झालं. थोड्या वेळाने त्याने गाडी मागे घेतली. आता अडचण बघा : चाक चढलं तेव्हा दुष्ट हेतू सिद्ध नाही, आणि हेतू आला तेव्हा तो नुसता बसून आहे. काही न करणं म्हणजे हल्ला होत नाही. बहुमताने मार्ग काढला तो असा, की चाक पायावर चढल्यापासून उतरेपर्यंतची ती एकच चालू असलेली कृती आहे. मध्ये कधीही हेतू आला तरी पुरे. एका न्यायमूर्तींना हे पटलं नाही. मला बहुमत पटतं, पण त्या विरोधी मताशी झगडल्यामुळेच कृती आणि अकृती यांतला फरक माझ्या डोक्यात पक्का बसला.

मग मी स्वतःच प्रॉब्लेम रचून सोडवायला लागले. एकजण वाचनालयातून निघताना आपली समजून दुसऱ्याची काळी बॅग उचलतो. घरी उघडल्यावर कळतं की बॅग परक्याची आहे. तरीही तो ती ठेवून घेतो आणि आतला कॅल्क्युलेटर विकून टाकतो. चोरी झाली का? आपल्याकडे चोरीसाठी वस्तू हलवतानाच अप्रामाणिक हेतू लागतो. तेव्हा तो नव्हता, म्हणजे चोरी नाही. पण तो सुटला असंही नाही. कळल्यानंतर वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणं हा वेगळा गुन्हा आहे, मालमत्तेचा अपहार. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४. हेतू उगवला त्या क्षणाप्रमाणे गुन्ह्याचं नाव बदलतं. प्रॉब्लेम वाचताना काळ दाखवणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली, म्हणजे 'नंतर', 'तेव्हा', 'कळल्यावर' यांच्याखाली, मी पेन्सिलीने रेघ मारायची. ही सवय जरूर लावून घ्या.

हेतू एकावर आणि इजा दुसऱ्याला, याचे दोन निकाल जोडीने वाचावेत. लॅटिमरने (१८८६) एका माणसाला मारायला पट्टा उगारला आणि तो एका बाईला लागला. तो दोषी ठरला. पेंबलिटनने (१८७४) माणसांवर भिरकावलेल्या दगडाने खिडकी फुटली. तिथे मात्र मालमत्तेच्या नुकसानीबद्दलची त्याची शिक्षा टिकली नाही. माणसाला इजा करण्याचा हेतू काचेवर लादता येत नाही.

हे चार प्रश्न सोडवून झाले की पाचवा उरतो : सिद्ध कोणी करायचं? वूलमिंग्टन खटल्यात (१९३५) एकवीस वर्षांच्या तरुणाच्या बंदुकीतून गोळी सुटून त्याची बायको मेली. आपण आत्महत्येची धमकी देत होतो आणि बंदूक चुकून उडाली, असं त्याचं म्हणणं होतं. गोळी त्याच्या हातून सुटली हे सिद्ध झाल्यावर अपघात होता हे त्यानेच पटवून द्यायचं, असं ज्युरीला सांगितलं गेलं आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ती रद्द केली. निकाल देताना लॉर्ड सँकी यांनी सांगितलं की आरोपीचा दोष सिद्ध करणं हे सरकार पक्षाचं काम आहे. वेडसरपणाचा बचाव आणि कायद्याने केलेले अपवाद सोडले तर आरोपीवर ते ओझं नाही. त्याच्या म्हणण्याने वाजवी संशय उभा राहिला तरी पुरतं. एका माणसाचा जीव ज्युरीला दिलेल्या एका वाक्यावर टांगलेला होता, हे वाचल्यापासून 'पुराव्याचा भार' हे प्रकरण मला कधीच कोरडं वाटलं नाही.

बचावांची यादी लांब आहे, ती परीक्षेपुरती करता येते. पण डडली आणि स्टीफन्स (१८८४) सावकाश वाचा. जहाज बुडालं, चौघे होडीत. विसाव्या दिवशी दोघांनी आजारी पडलेल्या सतरा वर्षांच्या रिचर्ड पार्करला मारलं आणि त्याच्या मांसावर तग धरली. गरजेचा बचाव, म्हणजे जीव वाचवायला दुसरा मार्गच नव्हता हे म्हणणं, न्यायालयाने नाकारला. फाशीची शिक्षा झाली आणि ती पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आणली गेली. आमच्या वर्गात यावरून कडाक्याचा वाद झाला. माझं मत आजही तेच आहे : दोषी ठरवणंही बरोबर आणि शिक्षा कमी करणंही. न्यायालयाने हा बचाव मान्य केला असता, तर कोणाचा जीव कमी मोलाचा हे ठरवायचा अधिकार होडीतल्या बलवान माणसांकडे गेला असता, आणि त्या होडीत सगळ्यात अशक्त होता तो पार्कर.